वाहनतळावरील एक रात्र : अमेरिकेतील दुकानांची मोकळी जागा, लहान कॅम्पिंग ट्रेलर आणि मुक्कामाची परवानगी

प्रस्तावना

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत महामार्गालगतच्या एखाद्या मोठ्या दुकानासमोर रात्री उशिरा एक दृश्य पाहावयास मिळते. ग्राहकांच्या मोटारी निघून गेलेल्या असतात. शेकडो वाहने मावतील एवढे डांबरी पटांगण जवळजवळ रिकामे असते आणि त्याच्या अगदी दूरच्या कडेला दोन-चार वाहने मुक्कामाच्या तयारीने उभी असतात. त्यांतील एखादे म्हणजे मोटारीच्या मागे जोडलेली, तेरा ते सतरा फूट लांबीची, दोन माणसांना झोपता येईल अशी चाकांवरची खोली होय. हाच लहान कॅम्पिंग ट्रेलर. आत झोपलेल्या प्रवाशांनी जागेचे भाडे दिलेले नसते. कसलीही पावती त्यांच्याजवळ नसते. सकाळी दुकानातून दूध-पाव घेऊन ते पुढच्या वाटेला लागतात.

वरवर पाहता ही प्रवासातील काटकसरीची एक युक्ती आहे आणि हौशी प्रवाशांच्या मार्गदर्शक पुस्तिकांत तिचे वर्णन तसेच येते. तथापि ही जागा रिकामी का असते, ती वापरू देण्याचा अधिकार कोणाचा, आणि तो सर्वांना सारखाच मिळतो काय, हे प्रश्न विचारू लागताच विषय नगररचना, महामार्गविषयक कायदा, मालमत्तेचा कायदा आणि गृहहीनता या अभ्यासक्षेत्रांत शिरतो. प्रस्तुत लेखात या प्रथेची जडणघडण, तिचे कायदेशीर स्वरूप आणि तिच्यात दडलेला सामाजिक पेच यांचा विचार केला आहे.

या मुक्कामास प्रवाशांच्या बोलीत ‘बूनडॉकिंग’ असे म्हणतात. पाणी, वीज व सांडपाण्याच्या जोडणीवाचून केलेला मुक्काम असा त्याचा अर्थ आहे. मूळ शब्द तागालोग भाषेतील ‘बुंडोक’ म्हणजे डोंगर हा असून फिलिपिन्समध्ये लढलेल्या अमेरिकी सैनिकांबरोबर तो इंग्रजीत आला. आडरानाचा वाचक असलेला हा शब्द आज विजेच्या दिव्यांनी उजळलेल्या डांबरी पटांगणासही लावला जातो, ही गोष्ट मोठी गमतीची आहे.

पटांगण रिकामे का असते?

विसाव्या शतकाच्या मध्यापासून बहुसंख्य अमेरिकी नगरांनी बांधकामाच्या नियमांत वाहनतळाचे किमान प्रमाण ठरवून दिले. किरकोळ विक्रीच्या दुकानासाठी दर हजार चौरस फुटांमागे चार किंवा पाच मोटारींची जागा, असे हे प्रमाण सर्वसाधारणपणे आढळते. एक लाख ऐंशी हजार चौरस फुटांचे मोठे दुकान घेतले, तर चारच्या हिशेबाने सातशे वीस मोटारींची सोय करावी लागते. येण्याजाण्याची वाट धरून एका मोटारीस सुमारे तीनशे चौरस फूट लागतात. म्हणजे दोन लाख सोळा हजार चौरस फूट, जवळजवळ पाच एकर जमीन. दुकानापेक्षा वाहनतळ मोठा होतो. हे प्रमाण नाताळापूर्वीच्या गर्दीच्या दिवसांचा विचार करून ठरविलेले असल्याने वर्षातील इतर दिवशी बरीचशी जागा ओस राहते आणि रात्री तर तिला काहीच काम उरत नाही.

लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील नगररचनेचे प्राध्यापक डोनाल्ड शूप यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘द हाय कॉस्ट ऑफ फ्री पार्किंग’ या ग्रंथात या धोरणाची विस्तृत चिकित्सा केली. फुकट वाटणारी पार्किंगची जागा प्रत्यक्षात फुकट नसते. तिचा खर्च वस्तूंच्या किमतीत आणि घरभाड्यात मिसळलेला असतो आणि पायी येणाऱ्या ग्राहकालाही तो भरावा लागतो, हा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा होय. शूप यांचे २०२५ मध्ये निधन झाले. तत्पूर्वी त्यांच्या विचारांचा परिणाम दिसू लागला होता. बफेलो नगराने २०१७ मध्ये किमान प्रमाणाची अट काढून टाकली आणि कॅलिफोर्निया राज्याने २०२२ मध्ये सार्वजनिक वाहतुकीच्या मोठ्या थांब्यांजवळच्या इमारतींपुरती ती रद्द करणारा कायदा केला. आधी घातलेले डांबर मात्र जागच्या जागी आहे. ट्रेलरवाल्या प्रवाशाला मिळणारी फुकटची रात्र ही या अतिरिक्त डांबराची उपउत्पत्ती आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

महामार्गावरून दुकानाकडे

पटांगण रिकामे असले तरी प्रवासी तेथे का वळतो, याचे उत्तर महामार्गांच्या कायद्यात सापडते. १९५६ च्या संघीय महामार्ग अधिनियमाने आंतरराज्य महामार्गांचे जाळे उभारण्यास चालना दिली. त्याच वेळी या महामार्गांच्या हद्दीत पेट्रोल पंप किंवा वाहनचालकांसाठीचे व्यापारी आस्थापन उभारू देऊ नये, असे बंधन राज्यांवर घालण्यात आले. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर रस्ता न सोडता फूड मॉलमध्ये थांबणाऱ्या मराठी वाचकाला हे विचित्र वाटेल. अमेरिकेत त्याचा परिणाम असा झाला की खाणे, इंधन आणि खरेदी यांची सारी वस्ती महामार्गाच्या बाहेर, उतरण्याच्या वाटांच्या तोंडाशी दाटली. जुने टोल रस्ते तेवढे याला अपवाद राहिले.

महामार्गावर सरकारी विश्रांतिस्थळे असतात. परंतु तेथे किती वेळ थांबता येईल हे राज्याराज्यांत निराळे आहे. टेक्सासमध्ये चोवीस तास, कॅलिफोर्नियात आठ तास, फ्लोरिडात तीन तास. तीन तासांत झोप होत नाही. त्यातच मालमोटारींच्या चालकांना अकरा तास वाहन चालविल्यावर सलग दहा तास विश्रांती घेण्याचे संघीय बंधन असल्यामुळे विश्रांतिस्थळांवरील जागा संध्याकाळीच भरून जाते. २००९ मध्ये जेसन रिव्हनबर्ग नावाचा चालक सुरक्षित जागेअभावी दक्षिण कॅरोलिनातील एका बंद पडलेल्या पेट्रोल पंपावर थांबला असता लुटारूने त्याची हत्या केली. त्याच्या नावाने ओळखली जाणारी तरतूद २०१२ च्या वाहतूक कायद्यात समाविष्ट झाली, तरीही टंचाई संपलेली नाही.

वॉलमार्टचे पहिले दुकान २ जुलै १९६२ रोजी आर्कान्सा राज्यातील रॉजर्स येथे सॅम वॉल्टन यांनी उघडले. योगायोग असा की भाडे घेऊन तंबू व ट्रेलरला जागा देणाऱ्या ‘केओए’ या तळांच्या साखळीचा प्रारंभही त्याच वर्षी माँटाना राज्यातील बिलिंग्ज येथे झाला. पुढील काळात ही दोन्ही नावे प्रवाशाच्या नकाशावर स्पर्धक म्हणून उभी राहिली. एकाकडे पैसे देऊन पाणी, वीज आणि स्नानगृह, तर दुसऱ्याकडे काहीही न देता केवळ उभे राहण्याची मुभा. वॉलमार्टची अमेरिकेत आज साडेचार हजारांहून अधिक दुकाने असून आपण या प्रवाशांना चांगले ग्राहक मानतो, अशी कंपनीची जाहीर भूमिका आहे. मात्र प्रत्यक्ष परवानगी त्या त्या दुकानाच्या व्यवस्थापकाने, उपलब्ध जागा आणि स्थानिक कायदा पाहून द्यावयाची असते. क्रॅकर बॅरल या उपाहारगृहांच्या साखळीत आणि शिकार-मासेमारीचे साहित्य विकणाऱ्या काही दुकानांतही अशी प्रथा आहे. २०२० च्या मार्चमध्ये कोविडच्या साथीमुळे वॉलमार्टने आपली चोवीस तास चालणारी दुकाने रात्री बंद ठेवण्यास सुरुवात केली आणि ती पद्धत पुन्हा पूर्ववत झाली नाही. मध्यरात्री दुकानातील स्वच्छतागृह वापरण्याची सोय त्यामुळे नाहीशी झाली. ज्याच्या वाहनात स्वतःची सोय नाही, त्याची या बदलाने सर्वाधिक अडचण केली.

परवानगीचे स्वरूप

दुकानाचा वाहनतळ ही खाजगी मालमत्ता असून ती जनतेसाठी उघडी ठेवलेली असते. खरेदीसाठी या, असे तेथे गृहीत निमंत्रण असते. झोपण्यासाठी या, असे नसते. व्यवस्थापकाने होकार दिला म्हणजे प्रवाशाला कायद्याच्या भाषेत अनुज्ञप्ती मिळते. अनुज्ञप्तीमुळे जागेत कोणताही हक्क निर्माण होत नाही; एरवी जो अतिक्रमण ठरला असता तो वावर तेवढ्यापुरता वैध होतो, आणि देणाऱ्याने ती मागे घेताच जागा सोडावी लागते. ही संकल्पना महाराष्ट्रातील वाचकास परकी नाही. मुंबई-पुण्यात घर देताना भाडेकरूचा हक्क उत्पन्न होऊ नये म्हणून जो ‘लीव्ह अँड लायसन्स’ करार केला जातो, त्यामागे हाच भेद आहे. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ मध्ये अनुज्ञप्तीची व्याख्या याच इंग्रजी परंपरेतून आलेली आहे. फरक इतकाच की घराचा करार लेखी व नोंदणीकृत असतो, तर वाहनतळावरची अनुज्ञप्ती फोनवरच्या एका वाक्यावर उभी असते आणि रात्रपाळीच्या सुरक्षारक्षकापर्यंत ते वाक्य पोहोचलेच असेल याची शाश्वती नसते.

व्यवस्थापकाचा होकारही पुरेसा नसतो. पुष्कळदा जमीन दुकानाच्या मालकीची नसून संकुलाच्या मालकाकडून पट्ट्याने घेतलेली असते आणि वाहनतळ शेजारच्या दुकानांशी सामाईक असतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे अनेक नगरांनी व जिल्ह्यांनी परवानाधारक तळाबाहेर वाहनात रात्र काढण्यास मनाई करणारे नियम केले आहेत. असे नियम व्हावेत यासाठी भाड्याने जागा देणाऱ्या तळांचे मालक आग्रही असतात, हे समजण्याजोगे आहे. खाजगी मालकाची संमती असतानाही नगराचा नियम लागू होतो. म्हणूनच फलकावर ‘रात्री थांबण्यास मनाई’ असे लिहिलेले असताना व्यवस्थापक थांबा म्हणाला, तरी अनुभवी प्रवासी पुढची वाट धरतो.

या अनिश्चिततेतून एक अलिखित आचारसंहिता तयार झाली आहे. आधी विचारावे, एकच रात्र थांबावे, दाराजवळची जागा सोडून कडेला जावे, मोटारीपासून ट्रेलर सोडू नये, बाहेर खुर्च्या व शेगडी मांडू नयेत. शेवटच्या दोन गोष्टी सर्वांत महत्त्वाच्या मानल्या जातात. जोडलेला ट्रेलर पाहणाऱ्याला वाहनासारखा दिसतो. सोडलेला ट्रेलर घरासारखा दिसू लागतो. वाहन आणि घर यांमधील ही सीमारेषा कायद्याच्या पुस्तकात स्पष्ट नसली तरी व्यवस्थापकाच्या नजरेत ती पक्की असते.

लहान ट्रेलरची व्यवस्था

लहान ट्रेलर या मुक्कामास विशेष अनुकूल का, हे त्याच्या वजनात व साठ्यांत दिसते. १९६८ मध्ये कॅनडातील विनिपेग येथे काचतंतूंच्या दोन कवचांपासून बनविलेला ‘बोलर’ हा ट्रेलर बाजारात आला आणि अंड्याच्या आकाराचे हलके ट्रेलर लोकप्रिय झाले. साध्या मोटारीलाही ते ओढता येतात आणि मोटारीसह ओळीतल्या दोन-तीन जागांत मावतात. चाळीस फुटी वाहनाला वळण्यासाठी जे मोकळे अंतर लागते, ते यांना लागत नाही.

डांबरावर होणाऱ्या परिणामाच्या दृष्टीने हा फरक अधिकच मोठा आहे. इलिनॉय राज्यातील ओटावा येथे १९५८ ते १९६० या काळात झालेल्या रस्ताचाचणीतून असे अनुमान निघाले की, रस्त्याची झीज आसावरील भाराच्या साधारणतः चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. दोन हजार पौंडांचा आस असलेला ट्रेलर आणि अठरा हजार पौंडांचा आस असलेली मालमोटार यांची तुलना केली, तर भार नऊपट. झीज मात्र साडेसहा हजार पटींच्या घरात जाते. काही दुकाने मालमोटारींना मज्जाव करून ट्रेलरना थांबू देतात, त्यामागे हे एक कारण आहे. आधारासाठी टेकविलेली लोखंडी पायरी मात्र उन्हाने मऊ झालेल्या डांबरात खड्डा पाडते. म्हणून ती टेकवू नये, किमानपक्षी खाली लाकडी फळी द्यावी, असा संकेत आहे.

विजेचा हिशेब उद्बोधक आहे. शंभर अँपिअर-तासांच्या साध्या शिसे-आम्ल बॅटरीतून, तिचे आयुष्य राखावयाचे असेल, तर निम्मीच म्हणजे पन्नास अँपिअर-तास वीज घ्यावी लागते. थंडीच्या रात्री गॅसवर चालणाऱ्या शेगडीचा पंखा सुमारे तीन अँपिअर घेतो; दहा तासांच्या रात्रीत तो निम्मा वेळ चालला तर पंधरा अँपिअर-तास गेले. बारा व्होल्टचा लहान शीतकपाट रात्रभरात वीसच्या आसपास घेतो. दिवे, पाण्याचा पंप आणि धोक्याची सूचना देणारी यंत्रे यांसाठी आणखी सात-आठ धरले, तर बेरीज चाळीसच्या पुढे जाते. एक रात्र निभावते. दुसऱ्या रात्रीसाठी पुन्हा भरण करावे लागते. लिथियम बॅटरी आणि छपरावरील सौर पट्ट्या यांनी ही मर्यादा अलीकडे सैल केली आहे. परंतु ‘एकच रात्र’ हा संकेत रूढ झाला त्या काळात शिष्टाचार आणि बॅटरी या दोहोंची मर्यादा एकच होती, हे लक्षात घेण्याजोगे आहे. जनित्र लावून ती ओलांडता येते, परंतु त्याच्या आवाजाने आणि धुराने शेजारी हैराण होतात.

ट्रेलरवर सामान्यतः वीस पौंडांचा, म्हणजे नऊ किलोंचा प्रोपेन सिलिंडर असतो. आपल्याकडील घरगुती सिलिंडरपेक्षा तो लहानच. बंद खोलीत गॅस जळत असल्याने कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे यंत्र चालू असणे हा जीवनमरणाचा प्रश्न ठरतो आणि उबेसाठी स्वयंपाकाची चूल पेटती ठेवणे धोक्याचे असते. पिण्याच्या पाण्याची टाकी चाळीस-पन्नास लिटरांची असते. सांडपाणी व मैलापाणी त्यांच्या टाक्यांतच साठवून ते नेमून दिलेल्या ठिकाणी रिकामे करावे लागते. दुकानांनी परवानगी मागे घेतल्याच्या घटनांत वाहनतळावर ओतलेले सांडपाणी आणि टाकून दिलेला कचरा यांची तक्रार हमखास असते.

एक पटांगण, दोन प्रकारचे मुक्काम

येथवर ज्या प्रवाशाचे वर्णन केले त्याला घर आहे आणि ट्रेलर ही त्याची हौस आहे. परंतु त्याच कडेला, त्याच रात्री, जिच्या मागच्या आसनावर कपड्यांची गाठोडी आहेत अशी एखादी जुनी मोटार उभी असते. तिच्यातील माणसाला परत जाण्यासाठी घर नसते. दोघेही झोपलेलेच असतात, दोघांनीही भाडे दिलेले नसते. व्यवस्थापकाच्या लेखी मात्र एक ‘प्रवासी ग्राहक’ असतो आणि दुसरा ‘अडचण’.

या दोहोंच्या मध्ये एक तिसरा वर्ग आहे. २००८ च्या आर्थिक अरिष्टानंतर घर गमावलेले किंवा निवृत्तिवेतनावर घरभाडे न परवडणारे अनेक वयस्कर अमेरिकी नागरिक व्हॅनमध्ये वा ट्रेलरमध्ये कायमचे राहू लागले आणि हंगामी कामांच्या मागे फिरू लागले. पत्रकार जेसिका ब्रूडर यांनी २०१७ मध्ये ‘नोमॅडलँड’ या पुस्तकात त्यांचे जीवन नोंदविले. त्यावर क्लोई झाओ यांनी दिग्दर्शित केलेल्या चित्रपटाला २०२१ मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा ऑस्कर मिळाला. या लोकांच्या वाहनाकडे पाहून ते हौशी की बेघर हे ठरविता येत नाही आणि त्यांच्यापैकी अनेकांना ‘बेघर’ हा शब्दही मान्य नाही. रंगसफेती करून नीटनेटका ठेवलेला लहान ट्रेलर हा त्यांच्यासाठी निवारा तर असतोच, शिवाय पर्यटक म्हणून गणले जाण्याचा परवानाही असतो.

हा भेद नवा नाही. १९२० च्या सुमारास मोटारीतून हिंडणारे लोक वाढले, तेव्हा व्यापार वाढेल या आशेने अमेरिकेतील शेकडो गावांनी मोफत मोटार-तळ उघडले होते. ‘टिन कॅन टूरिस्ट्स’ ही अशा प्रवाशांची संघटना १९१९ मध्ये फ्लोरिडातील टँपा येथे स्थापन झाली. पुढे स्वस्त जुन्या मोटारी गरिबांच्या हाती आल्या आणि कामाच्या शोधात फिरणारी कुटुंबे त्याच तळांवर उतरू लागली. तेव्हा, साधारणतः १९२३ नंतर, गावांनी शुल्क, नोंदणी आणि मुक्कामाची मुदत लागू केली. नको असलेल्यांना दूर ठेवणे हा त्यातील उघड हेतू होता. मोफत तळ मागे पडले आणि खाजगी खोल्यांचे तळ, पुढे मोटेल, यांचा उदय झाला. दुकानांच्या पटांगणांवर आज जे घडत आहे, त्याची ही आधीची आवृत्ती म्हणता येईल.

न्यायालयांपुढे हा प्रश्न सार्वजनिक जागांच्या संदर्भात आला. वाहनाचा ‘राहण्याची जागा’ म्हणून उपयोग करण्यास मनाई करणारा लॉस एंजेलिस नगराचा १९८३ चा नियम २०१४ मध्ये ‘डेझरट्रेन विरुद्ध लॉस एंजेलिस’ या खटल्यात नवव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने संदिग्धतेच्या कारणावरून घटनाबाह्य ठरविला. या निर्णयातील तर्क प्रस्तुत विषयाच्या मर्मावर बोट ठेवणारा आहे. वाहनात अन्न, कपडे वा अंथरूण ठेवणे हाच राहण्याचा पुरावा मानला, तर सुटीवर निघालेला ट्रेलरधारकही दोषी ठरतो. प्रत्यक्षात मात्र कारवाई होते ती गरिबांवरच. २०१८ मध्ये ‘मार्टिन विरुद्ध बॉयसी’ या खटल्यात त्याच न्यायालयाने असे म्हटले की, निवाऱ्याची सोय उपलब्ध नसताना उघड्यावर झोपल्याबद्दल शिक्षा करणे ही घटनेने निषिद्ध केलेली क्रूर शिक्षा होय. परंतु २८ जून २०२४ रोजी ‘ग्रँट्स पास विरुद्ध जॉन्सन’ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन अशा बहुमताने निराळी भूमिका घेतली. सार्वजनिक जागेत मुक्काम करण्यास सर्वांनाच मनाई करणारा नियम हा कृतीवर आहे, व्यक्तीच्या दर्जावर नाही, असे न्यायमूर्ती गॉर्सच यांनी बहुमताच्या निकालपत्रात मांडले. तर निद्रा ही जैविक गरज आहे, गुन्हा नव्हे, असा न्यायमूर्ती सोटोमायोर यांच्या भिन्नमताचा सूर होता.

हा निर्णय दुकानांच्या खाजगी जागेला थेट लागू होत नाही. तरीही त्याचा परिणाम तेथे पोहोचणे साहजिक आहे. रस्ता आणि उद्यान येथून उठविलेला माणूस पुढचे रिकामे डांबर शोधतो. तेथे मोटारी वाढल्या की शेजारी तक्रार करतात, आणि व्यवस्थापकापुढे दोन पर्याय उरतात : सर्वांना मनाई करावी, किंवा माणसे पाहून निवड करावी. पहिला पर्याय निवडल्यास फलक लागतो आणि ट्रेलरवाला प्रवासीही जातो. दुसरा निवडल्यास फलक लागत नाही, पण रात्री कोणाच्या काचेवर टकटक करायची हे सुरक्षारक्षक ठरवितो. हौशी प्रवाशांच्या वर्तुळात बेघरांमुळे आपली सोय गेली अशी कुरकूर ऐकू येते. ती अनुभवाला धरून असली तरी न्याय्य नाही. मुळात जी सोय कोणाच्याच हक्काची नव्हती, ती एकाने दुसऱ्याची हिरावली असे म्हणता येत नाही.

कॅलिफोर्नियातील सांता बार्बरा येथे २००४ पासून एका सेवाभावी संस्थेच्या वतीने ‘सुरक्षित पार्किंग’ हा उपक्रम चालविला जातो. चर्च, कार्यालये व इतर आस्थापनांचे रात्री रिकामे राहणारे वाहनतळ वाहनात राहणाऱ्यांसाठी वापरण्यात येतात, आधी नोंदणी होते आणि कार्यकर्ते घर मिळविण्याच्या प्रयत्नांत साहाय्य करतात. पश्चिम किनाऱ्यावरील इतर काही नगरांनीही पुढे अशीच व्यवस्था केली. येथे परवानगी लेखी असते आणि ती ज्याला द्यावयाची त्याने बेघर असल्याचे लपवावे लागत नाही. नियम मात्र ओळखीचे आहेत : संध्याकाळी यावे, बाहेर सामान मांडू नये, शांतता राखावी आणि सकाळी कर्मचाऱ्यांच्या मोटारी येण्यापूर्वी जागा रिकामी करावी.